लढाऊ विमानाचे दूरपल्ल्याच्या प्रहारासाठी रूपांतर : ओझरच्या कारखान्याचा वृत्तांत

१. विषय आणि संज्ञा

युद्धविमानांची वर्गवारी त्यांच्या कामावरून करण्याची प्रथा आहे. शत्रूच्या विमानाशी आकाशात झुंजणारे ते लढाऊ विमान. शत्रूच्या मुलखात दूरवर जाऊन बाँब टाकणारे ते बाँबफेकी विमान. पहिले हलके, चपळ व थोड्या पल्ल्याचे. दुसरे जड, संथ व लांब पल्ल्याचे. ही वर्गवारी कागदावर स्वच्छ दिसते, परंतु प्रत्यक्ष युद्धात ती फार काळ टिकत नाही. युद्ध सुरू झाले की हाती असलेल्या विमानाकडून, ते ज्यासाठी घडविले नव्हते असे काम करून घेण्याची वेळ येते. लढाऊ विमानाला दूरपल्ल्याच्या प्रहारासाठी सिद्ध करणे हा अशा रूपांतराचा सर्वांत वारंवार आढळणारा प्रकार होय. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आरंभी शब्दाचा थोडा विचार करणे उचित ठरेल. रशियन भाषेत लढाऊ विमानाला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'विनाश करणारा' असा होतो. त्यात कर्त्याचे कर्म स्पष्ट आहे. मराठीतील 'लढाऊ' हा शब्द वेगळ्या घडणीचा आहे. टिकाऊ, विकाऊ, दिखाऊ या शब्दांतील '-आऊ' हा प्रत्यय विशिष्ट कृतीपेक्षा तिची योग्यता किंवा प्रवृत्ती दर्शवितो. त्यामुळे 'लढाऊ विमान' म्हणजे लढण्यास योग्य असलेले विमान, एवढाच अर्थ आपल्या मनात उमटतो. ते कोणाशी आणि कसे लढते हे त्या शब्दात बांधलेले नाही. लढाऊ विमानाने बाँब टाकला असे म्हटल्यास मराठी कानाला त्यात विसंगती वाटत नाही. भाषेला जे रूपांतर सहज साधले, ते यंत्राला मात्र सहज साधत नाही.

मालेगावहून मुंबई-आग्रा मार्गाने नाशिककडे निघाले असता चांदवड व पिंपळगाव बसवंत मागे टाकल्यावर ओझर लागते. तेथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा विमान कारखाना आहे. मिग जातीची विमाने या कारखान्यात बांधली गेली. पुढे सुखोई-३० बांधले गेले. आणि २०१६ मध्ये त्याच सुखोईला अडीच टन वजनाचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र वाहून नेण्याजोगे करण्यात आले. परवान्यावर विमान बांधणे आणि हाती असलेले विमान बदलणे या दोन भिन्न विद्या आहेत, आणि ओझरला पहिलीकडून दुसरीकडे येण्यास सुमारे अर्धशतक लागले. हे अंतर कोणत्या टप्प्यांनी कापले गेले, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. रूपांतरातील चार अडचणी

दुसऱ्या महायुद्धात या प्रश्नाचे स्वरूप प्रथमच पूर्णपणे उघड झाले. ब्रिटिशांनी १९४१ पासून हरिकेन या लढाऊ विमानाच्या पंखांखाली दोन बाँब लावण्याची सोय केली. बाँबांमुळे विमान जड झाले, त्याचा वेग घटला आणि पल्ला मुळात बेताचा होता तो तसाच राहिला. खाडीपलीकडील जवळच्या लक्ष्यांपुरते ते उपयोगी पडले. दूरच्या लक्ष्यासाठी याहून अधिक काही करावे लागणार, हे त्यावरून दिसून आले.

त्या दृष्टीने १० जून १९४४ ची घटना विशेष बोलकी आहे. रुमानियातील प्लोएश्टी येथील तेलशुद्धीकरणाचे कारखाने जर्मनीच्या युद्धयंत्रणेला इंधन पुरवीत असत. अमेरिकेच्या जड बाँबफेकी विमानांना तेथे धुराचे पडदे व तोफांचा मारा यांमुळे अपेक्षित यश मिळत नव्हते. तेव्हा इटलीतील फोजिया परिसरातून पी-३८ लायटनिंग ही दोन एंजिनांची लढाऊ विमाने पाठविण्यात आली. एका बाजूच्या पंखाखाली हजार पौंडांचा एक बाँब आणि दुसऱ्या बाजूच्या पंखाखाली जादा इंधनाची टाकी, अशी त्यांची मांडणी होती. सरळ रेषेत नऊशे किलोमीटरांहून अधिक अंतर जाऊन त्यांनी लक्ष्यावर झेप घेतली. सोबतीची संरक्षक विमाने धरून वीसाहून अधिक विमाने त्या दिवशी परतली नाहीत.

या एका मोहिमेत रूपांतराच्या चारही अडचणी एकवटलेल्या दिसतात. पहिली भाराची. विमानाचा सांगाडा ठरावीक वजन ठरावीक ठिकाणी पेलण्यासाठी बेतलेला असतो. नवा भार नव्या ठिकाणी टांगला की तेथील ताण बदलतो. दुसरी इंधनाची. भार आणि इंधन ही दोन्ही एकाच वजनमर्यादेत बसवावी लागतात, म्हणून बाँब वाढला की पल्ला घटतो. एका पंखाखाली बाँब व दुसऱ्याखाली टाकी ही लायटनिंगची मांडणी म्हणजे या हिशेबाचे डोळ्यांना दिसणारे चित्रच होय. तिसरी अडचण नेमाची. झुंजीसाठी बसविलेल्या दर्शकातून जमिनीवरील लक्ष्य अचूक साधत नाही. याच लायटनिंगच्या काही विमानांचे नाक १९४४ मध्ये काचेचे करून त्यात बाँबचा नेम धरणारा दुसरा सैनिक बसविण्यात आला, आणि त्याच्या इशाऱ्यावर इतर विमानांनी आपले बाँब सोडावे अशी पद्धत ठरली. चौथी अडचण वैमानिकाची. एकट्याने विमान चालवावयाचे, मार्ग शोधावयाचा, शत्रूवर लक्ष ठेवावयाचे आणि नेमही धरावयाचा, हे तासन्‌तास चालणाऱ्या उड्डाणात एका माणसाच्या शक्तीबाहेरचे ठरते.

मालेगावच्या वाचकाला हा प्रकार यंत्रमागाच्या उदाहरणाने चटकन कळेल. मागावरील कापडाचा पन्हा बदलावयाचा तर केवळ एक भाग बदलून भागत नाही. फणी बदलावी लागते, ताण्याची मांडणी नव्याने करावी लागते, आणि एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो. तरीही मागाच्या चौकटीपेक्षा रुंद कापड त्यावर कधीच निघत नाही. विमानाचेही तसेच आहे. रूपांतराला कौशल्य लागते हे खरे, परंतु त्याची अंतिम मर्यादा मूळ चौकट ठरविते.

३. भारतीय हवाई दलाचा पूर्वानुभव

आपल्या हवाई दलाला हा प्रश्न त्याच्या बाल्यावस्थेतच भेटला. १९४२ च्या आरंभी ब्रह्मदेशात जपानी सैन्य पुढे सरकत असता पहिल्या क्रमांकाची तुकडी तौंगू येथे होती. तिच्याजवळ लायसँडर विमाने होती. भूसेनेला टेहळणीत साहाय्य करण्यासाठी घडविलेले हे संथ विमान ना लढाऊ होते, ना बाँबफेकी. तथापि तुकडीचे प्रमुख करुण कृष्ण मजुमदार यांनी २ फेब्रुवारी १९४२ रोजी बाँब लावलेले लायसँडर घेऊन थायलंडच्या सरहद्दीतील मे हाँग सोन येथील जपानी विमानतळावर हल्ला केला, आणि दुसऱ्या दिवशी सर्व तुकडीने तोच मार्ग धरला. हे धाडसाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते व ते यथार्थ आहे. परंतु रूपांतराच्या दृष्टीने पाहता ती निकडीची सोय होती.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिशांनी कानपूर येथे निकामी करून टाकून दिलेली सुमारे चाळीस लिबरेटर विमाने बंगळूरच्या कारखान्यातील तंत्रज्ञांनी दुरुस्त करून उडविली. त्यांतून १९४८ मध्ये आपली पहिली जड बाँबफेकी तुकडी उभी राहिली. पुढे १९५७ पासून कॅनबेरा हे खास बाँबफेकीचे विमान आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मुक्तीच्या वेळी पुण्याहून निघालेल्या कॅनबेरांनीच दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. १९७१ च्या युद्धात तर मालवाहू एएन-१२ विमानाच्या मागील दारातून बाँब सोडण्याची व्यवस्था करण्यात आली, आणि विंग कमांडर विद्याभूषण वशिष्ठ यांच्या नेतृत्वाखालील ४४ क्रमांकाच्या तुकडीने रात्रीच्या अंधारात पश्चिम पाकिस्तानातील चांगा मांगा येथील दारूगोळ्याच्या साठ्यावर मारा केला.

या मालिकेतील एक दुवा पुढील विवेचनाला महत्त्वाचा आहे. २००७ मध्ये कॅनबेरा सेवेतून निवृत्त झाले आणि त्याच्या जागी केवळ बाँबफेकीसाठी असलेले दुसरे विमान भारताने घेतले नाही. दूरवर प्रहार करण्याचे काम त्यापूर्वीच जग्वारसारख्या विमानांकडे, आणि त्यानंतर उत्तरोत्तर मूळच्या लढाऊ विमानांकडे गेले. मुख्यतः हवाई संरक्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या मिराज-२००० ला १९९९ च्या कारगिल युद्धात ऐन वेळी लेसर-दर्शकासह नव्या बाँबांशी जोडून घेण्यात आले, हे त्याचेच उदाहरण होय. म्हणजे रूपांतर हा आता निकडीच्या प्रसंगी करावयाचा अपवाद राहिला नव्हता. ती हवाई दलाची कायमची गरज झाली होती.

४. ओझर : बांधणीची विद्या

ऑगस्ट १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ संबंधीचा करार झाला. लगेच ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झाले, आणि संरक्षण खाते यशवंतराव चव्हाणांकडे आले. १९६३ मध्ये ते नाशिक मतदारसंघातूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. मिगचे एंजिन कोरापुट येथे, विद्युत्-उपकरणे हैदराबाद येथे आणि सांगाडा ओझर येथे, अशी कामाची विभागणी ठरली. ऑक्टोबर १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही एकत्रित संस्था अस्तित्वात आली. ओझरला प्रथम रशियाहून आलेल्या भागांची जुळणी होऊ लागली; १९७० पर्यंत कच्च्या मालापासून विमान घडविण्याचा टप्पा गाठला गेला.

'मिग' हे नाव मिकोयान आणि गुरेविच या दोन रचनाकारांच्या नावांतून आले आहे. मधला 'इ' हा रशियनमधील 'आणि' होय. हे विमान शत्रूच्या विमानाला झपाट्याने गाठण्यासाठी घडविलेले होते. आरंभी ओझरला बांधल्या गेलेल्या 'एफ-एल' या प्रकारात अंगची तोफसुद्धा नव्हती. बाह्य भार लावण्यासाठी पंखांखाली दोन व पोटाखाली एक, अशा तीनच जागा होत्या, आणि जादा इंधनाची टाकी पोटाखालच्या जागीच बसत असे. तेथे तोफेची पेटी लावली तर टाकीला जागा उरत नसे. १९४४ मधील लायटनिंगचा हिशेब येथे अधिक कठोर रूपात पुन्हा दिसतो.

असे असूनही १९७१ मध्ये या विमानाने बाँबफेकीचे काम केले. ६ डिसेंबरला मिग-२१ विमानांनी ढाक्याजवळील तेजगाव विमानतळाच्या धावपट्टीवर ५०० किलोग्रॅमचे बाँब टाकून ती निकामी केली. १४ डिसेंबरला गुवाहाटीहून गेलेल्या चार मिग विमानांनी ढाक्यातील गव्हर्न्मेंट हाउसवर अग्निबाण सोडले, आणि पूर्व पाकिस्तानच्या शासनाचा धीर त्यानंतर सुटला. गुवाहाटी ते ढाका हे अंतर सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. हे यश वैमानिकांच्या कौशल्याचे आणि जवळच्या लक्ष्याचे होते. विमानात काहीही मूलभूत बदल झालेला नव्हता. वापरण्याची रीत बदलली होती.

यानंतर ओझरला आलेले मिग-२७ हे विमान रूपांतराच्या अभ्यासकाला धातूत कोरलेला पाठच म्हणावा लागेल. मिग-२३ या लढाऊ विमानाचे रशियन रचनाकारांनी केलेले हे प्रहारक रूप. नाकातील रडार काढून तेथे उतरते नाक व लेसरने अंतर मोजणारे उपकरण बसविले, वैमानिकाच्या कक्षाला चिलखत दिले आणि सहा नळ्यांची तोफ जोडली. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून ओझरला अशी १६५ विमाने तयार झाली. रूपांतर येथे पूर्ण होते, पण ते मॉस्कोत झालेले होते. ओझरच्या कारागिरांनी त्याची फळे घडविली; 'हे असेच का' या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती.

परवान्यावरील उत्पादनाची ही अंगभूत मर्यादा आहे. नकाशा हाती असतो, त्यातील प्रत्येक माप पाळले जाते, आणि कालांतराने ते माप हाताला इतके सरावते की चूक होत नाही. परंतु ते माप कोणत्या गणितातून निघाले हे नकाशात लिहिलेले नसते. विमान बदलू पाहणाऱ्याला नेमके तेच गणित लागते.

या कोंडीतून बाहेर पडण्यास सुधारणांच्या कामांनी प्रथम वाव दिला. मिग-२१ च्या शेवटच्या प्रकाराला नवे रडार व नवी अस्त्रे देऊन 'बायसन' हे रूप देण्यात आले. त्याचा आराखडा रशियन होता, परंतु बहुतांश विमानांवरील काम ओझरला झाले. मिग-२७ च्या सुधारणेत यापुढे जाऊन भारतीय संशोधकांनी तयार केलेला संगणक विमानात बसविण्यात आला. नेम व मार्गदर्शन या अडचणीवर आपला अधिकार अशा रीतीने हळूहळू प्रस्थापित झाला. सांगाड्याचा, म्हणजे भाराचा प्रश्न मात्र अद्याप अस्पर्शित होता.

५. सुखोई आणि ब्रह्मोस : बदलाची विद्या

डिसेंबर २००० च्या करारान्वये सुखोई-३० एमकेआय हे विमान भारतात बांधण्याचा परवाना मिळाला, आणि २००४ पासून ओझरहून ही विमाने हवाई दलाकडे जाऊ लागली. दोन एंजिने, दोन आसने, हवेतल्या हवेत इंधन घेण्याची सोय आणि सुमारे ३८ टनांपर्यंतचे कमाल उड्डाण-वजन अशी त्याची चौकट आहे. मिग-२१ चे सर्व भारासह वजन आठ ते दहा टन होते, हे लक्षात घेता दोन्हींच्या चौकटीतील अंतर स्पष्ट होईल.

ब्रह्मोस हे नाव ब्रह्मपुत्रा आणि मॉस्कवा या नद्यांच्या नावांच्या संयोगातून बनले आहे. फेब्रुवारी १९९८ च्या भारत-रशिया करारातून निघालेल्या या क्षेपणास्त्राची पहिली चाचणी १२ जून २००१ रोजी चांदीपूर येथे झाली. त्याचा वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे २.८ पट आहे. नौकेवरून व जमिनीवरून सुटणारे मूळ अस्त्र तीन टनांच्या घरातले. विमानासाठी ते हलके करूनही अडीच टनांचे राहिले. एवढा एकवट भार एका पंखाखाली देणे समतोलाच्या दृष्टीने अशक्यप्राय होते. म्हणून दोन एंजिनांच्या मधील पोटाखालची जागा निवडण्यात आली, आणि तेथील सांगाडा बळकट करून अस्त्र धरून ठेवणारी व योग्य क्षणी सोडणारी यंत्रणा बसविण्यात आली.

येथे लेखारंभीच्या चारही अडचणी पुन्हा समोर उभ्या राहतात, परंतु त्यांची उत्तरे बदललेली आहेत. भाराचा प्रश्न सांगाड्याच्या बळकटीने सुटला. यात केवळ उड्डाणाचा विचार पुरत नाही. अस्त्र न सोडता परतावे लागले, तर उतरतानाचा आघातही तोच सांगाडा व तीच चाके यांनी सोसावयाचा असतो. इंधनाचा प्रश्न मोठ्या चौकटीने व हवाई इंधनभरणीने सोपा केला. वैमानिकाचा प्रश्न दुसऱ्या आसनाने मिटविला. राहिला तो नेम, आणि तोच सर्वांत सूक्ष्म ठरला. क्षेपणास्त्र विमानापासून सुटते त्या क्षणी आपण नेमके कोठे आहोत, कोणत्या दिशेने व किती वेगाने जात आहोत, हे त्याच्या अंतर्गत संवेदकांना बिनचूक ठाऊक असावे लागते. हे ज्ञान विमानाच्या संवेदकांकडून क्षेपणास्त्राच्या संवेदकांकडे संक्रमित करणे हे या कामातील एक प्रमुख आव्हान होते. विमानातील संगणकीय आज्ञावली हवाई दलाच्या अभियंत्यांनी लिहिली. यांत्रिक व विद्युत्-विषयक बदल हिंदुस्थान एरोनॉटिक्सने केले.

२५ जून २०१६ रोजी ब्रह्मोस पोटाशी घेऊन सुखोईने नाशिकहून पहिले उड्डाण केले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरातील लक्ष्यावर विमानातून पहिले अस्त्र सोडण्यात आले. ते प्रथम विमानापासून खाली पडले, मग त्याचे एंजिन पेटले आणि त्याने लक्ष्य गाठले. मे २०१९ मध्ये जमिनीवरील लक्ष्यावर चाचणी झाली. २० जानेवारी २०२० रोजी तंजावर येथे, जेथे व्यंकोजीराजांच्या वंशाने राज्य केले त्या नगरीत, ब्रह्मोसधारी सुखोईंची २२२ क्रमांकाची तुकडी हिंदी महासागरावर नजर ठेवण्यासाठी स्थापन झाली. मे २०२५ मधील पाकिस्तानशी झालेल्या संघर्षात ब्रह्मोसचा वापर झाल्याचे शासनाच्या धुरिणांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

या रूपांतराने 'दूरपल्ला' या शब्दाचा आशयही बदलला आहे. प्लोएश्टीवर गेलेल्या लायटनिंगला नऊशे किलोमीटर जाऊनही शेवटी तोफांच्या माऱ्यात, लक्ष्याच्या डोक्यावर झेपावे लागले. ब्रह्मोसचा आरंभीचा घोषित पल्ला २९० किलोमीटर होता आणि पुढे तो वाढविण्यात आला. त्यामुळे विमानाने शत्रूच्या संरक्षणकक्षेबाहेर राहावे व उरलेला पल्ला अस्त्राने कापावा, अशी वाटणी शक्य झाली. पल्ला आता विमानाचा एकट्याचा राहिला नाही. तो विमान आणि अस्त्र यांच्यात विभागला गेला.

६. समारोप

वरील विवेचनाचा अर्थ अतिशयोक्तीने लावू नये. सुखोईची मूळ रचना व त्याचे एंजिन ही रशियन प्रज्ञेची निर्मिती आहे. बदलाची विद्या म्हणजे रचनेची विद्या नव्हे. दोहोंत अजून बरेच अंतर आहे. तसेच या कामाचे श्रेय एकट्या ओझरचे नाही. बंगळूर व हैदराबाद येथील अनेक प्रयोगशाळांचा त्यात वाटा आहे.

परंतु या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट निश्चित म्हणता येते. लायसँडरला बाँब बांधणे हे धैर्य होते; मिग-२१ कडून बाँबफेक करवून घेणे हे कौशल्य होते; मिग-२७ बांधणे ही शिस्त होती. दुसऱ्याने रचलेल्या विमानाच्या सांगाड्यात हात घालून, त्याचा समतोल न बिघडविता, त्याला नवे काम देणे यासाठी मात्र ज्ञान लागते, आणि असे ज्ञान परवान्यासोबत येत नाही. एकाच ठिकाणी, एकाच कामावर माणसांच्या दोन-तीन पिढ्या गेल्यावर ते जमते. कारखान्याचे मोल तेथून किती विमाने बाहेर पडली यावर ठरविण्याची आपली सवय आहे. हा वृत्तांत पाहता त्या मोजमापात आणखी एक प्रश्न घालावा लागेल: तेथे विमान बदलता येते काय?

मिग-२७ ने २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूर येथे आणि मिग-२१ ने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे हवाई दलाचा निरोप घेतला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरहून तेजस मार्क-१ए या विमानाने पहिले उड्डाण केले. या विमानाची रचना बंगळूर येथे झाली आहे. येथे नकाशामागील गणितही आपल्याच हाती आहे. परक्याच्या चौकटीत बदल करण्यास पन्नास वर्षे लागली. स्वतःच्या चौकटीत तो करण्यास किती लागतील, यावर ओझरच्या पुढील इतिहासाचे मूल्यमापन होईल.